माहिती कंपनीने सांडली, भुर्दंड ग्राहकाने का भरावा?

"ताई, पार्सल घेऊन खाली आलोय, ओटीपी सांगा." असा फोन आला की शहरातल्या सोसायटीपासून तालुक्याच्या गावापर्यंत घरोघरी चार-सहा आकडे बिनदिक्कत सांगितले जातात. ही सवय ग्राहकाला ऑनलाइन दुकानांनीच लावली. त्याच मोबाइलवर बँकेचा मेसेज असतो की ओटीपी कोणालाही सांगू नका. डिलिव्हरीचा ओटीपी कोणता आणि खात्यातून पैसे वळते करणारा कोणता, हे गॅसवर कुकर ठेवून फोन उचललेल्या बाईने त्या क्षणी ओळखायचे! भामटे नेमके इथेच गाठतात. नाव, पत्ता, कधी मागवलेली वस्तूसुद्धा ते बिनचूक सांगतात आणि म्हणतात, "ऑर्डर रद्द करायची असेल तर आत्ता आलेला ओटीपी द्या." इतके सगळे ठाऊक असलेला माणूस कंपनीचाच असणार, असे कोणालाही वाटेल. फसलेल्याला मूर्ख ठरवणे हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय आहे.

ही माहिती भामट्याच्या हाती लागते कुठून?

थोडी उघड्यावरच पडलेली असते. कित्येक पार्सलांच्या लेबलवर ग्राहकाचे पूर्ण नाव, फ्लॅट नंबरासह पत्ता आणि मोबाइल नंबर छापलेला असतो. पैसे भरलेत की सीओडी आहे, तेही. हा खोका वॉचमनच्या टेबलावर तासन्‌तास राहतो आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा रद्दीत जातो.

मोठा साठा मात्र कंपन्यांच्या सर्व्हरमधून जातो. नोव्हेंबर २०२० मध्ये बिगबास्केटच्या सुमारे २ कोटी ग्राहकांची माहिती डार्क वेबवर विक्रीला असल्याचे उघड झाले. त्यात नावे, ईमेल, फोन नंबर, पत्ते, जन्मतारखाही होत्या. पुढच्या एप्रिलमध्ये तोच साठा कोणालाही फुकट मिळू लागला. मे २०२१ मध्ये डॉमिनोजच्या १८ कोटी ऑर्डरींचा तपशील बाहेर आला. कोणीतरी त्याचे चक्क शोधपान बनवले. मोबाइल नंबर टाकला की त्या माणसाने पिझ्झा कुठल्या पत्त्यावर मागवला ते दिसे. घरच्या छळाला कंटाळून नवा पत्ता लपवून राहणारी एखादी स्त्री असेल, तर तिला हुडकायला तिचा जुना नंबर पुरेसा होता. एप्रिल २०२४ मध्ये इयरफोन विकणाऱ्या बोट कंपनीच्या सुमारे ७५ लाख ग्राहकांची पाळी आली.

डॉमिनोज चालवणाऱ्या कंपनीचा तेव्हाचा खुलासा होता की आर्थिक माहितीला धक्का लागलेला नाही. कार्ड पाच मिनिटांत ब्लॉक करून नवे घेता येते. राहते घर, जन्मतारीख आणि आधार, बँक, गॅस या सगळ्यांना जोडलेला मोबाइल नंबर कोणी कसा बदलायचा? कार्डाचे क्षेम कळवून पत्त्याबद्दल गप्प बसणे हे उत्तर होऊ शकत नाही.

सरकारी यंत्रणेने मनावर घेतले तर दुकाने ऐकतात, याचा पुरावा आपल्यासमोर आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने दुकानांना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवायला मनाई केली. त्या जागी टोकन, म्हणजे बदली क्रमांक, आले. व्यवहार बंद पडले नाहीत. मग पत्त्याबाबत आणि नंबराबाबत हीच कडक शिस्त का नाही? वस्तू पोचली, परत करण्याची मुदत संपली, वॉरंटी आणि हिशेबापुरते कागद उरले की बाकीचे पुसून टाकायला काय हरकत आहे?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यावर कायदा यायला २०२३ उजाडले, नियम यायला नोव्हेंबर २०२५, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने लागू व्हायला नियमांनंतर आणखी दीड वर्षाची सवलत. या कायद्यात एक गोष्ट खरोखर चांगली आहे. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवावेच लागेल. सुरक्षेत हयगय केल्यास दंडही २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. पण तो जाणार सरकारी तिजोरीत. ज्याचे खाते रिकामे झाले त्याला त्यातला छदामही नाही. उलट, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३अ कलमाखाली नुकसानभरपाई मागण्याची जी सोय होती, ती नव्या कायद्याने काढून टाकायची ठरवली आहे. शिवाय खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केल्याचा ठपका आला तर ग्राहकालाच १० हजार रुपयांपर्यंत दंड! अशा तरतुदीने तक्रार करणाराच आधी बिचकेल.

बँकेच्या दारातही तोच ग्राहक अडतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा फसवणुकीत बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली तर ग्राहकावर बोजा पडत नाही. पण त्याने स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर तक्रार नोंदवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. ज्या फुटलेल्या माहितीच्या जोरावर भामट्याने विश्वास कमावला, ती सांडणारी कंपनी या हिशेबात कुठेच येत नाही. या पत्रकाचा आक्षेप इथे आहे.

मॉलमधल्या बिलिंग काउंटरवरही "नंबर बोला" ऐकू येते. मागे रांग, पुढे कॅशियर घाईत. बहुतेक लोक नंबर देऊन मोकळे होतात. ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच सांगितले आहे की बिलासाठी नंबराची सक्ती ही अनुचित व्यापार प्रथा आहे. नंबर नाकारावा. कॅशियर पगारी माणूस आहे, त्याच्याशी हुज्जत नको. बिल अडवले तर तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करावी. घरी खोका टाकण्याआधी लेबल फाडावे. डिलिव्हरीचा ओटीपी पार्सल हातात पडल्यावरच द्यावा, आणि तोही मेसेज पूर्ण वाचून. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा आणि बँकेला कळवावे.

एवढे ग्राहक करील. कंपन्यांनी लेबलवरचा नंबर झाकावा, खाते न उघडता खरेदी करू द्यावी आणि काम संपलेली माहिती पुसावी. माहिती फुटल्यामुळे ज्याचे पैसे गेले त्याला भरपाई मागण्याचा हक्क संसदेने पुन्हा कायद्यात लिहावा. महाराष्ट्राच्या खासदारांनी ही मागणी येत्या अधिवेशनात मांडावी, म्हणून हे पत्रक ज्याच्या हाती पडेल त्याने आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला एक पत्र लिहावे.