नेत्रक्षयाची पारख

क्षय म्हटला कीं खोकला, ज्वर व छाती हींच आपणांस आठवतात. पण हा रोग डोळ्यांतही शिरतो, आणि पुष्कळदां त्या वेळीं छाती निर्दोष असते. डोळा लाल होणें, दुखणें, उजेड न सोसणें, दृष्टीपुढें काळे ठिपके तरंगणें, अंधुक दिसणें हीं त्याचीं लक्षणें होत. परंतु यांपैकीं एकही केवळ क्षयाचेंच असें नव्हे.

क्षयाचे जंतु रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालीं बर्लिन येथें दाखविले. थुंकींतील जंतु सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां येतात. डोळ्यांत मात्र ते इतके थोडे असतात, व तेथील द्रव काढणें इतकें नाजूक, कीं प्रत्यक्ष प्रमाण क्वचितच हातीं लागतें. संस्कृताच्या वर्गांत धुरावरून अग्नीच्या अनुमानाचें जें उदाहरण आम्ही देत आलों, तोच मार्ग येथें नेत्रवैद्यास धरावा लागतो. डोळ्याच्या आंतल्या पडद्यावरील खुणा, छातीचें क्ष-किरण चित्र, त्वचेंत टोचून ४८ ते ७२ तासांनीं पाहावयाची मांटू परीक्षा हे त्याचे हेतु. पण मांटूचा हेतु सव्यभिचारी आहे, बालपणीं बी. सी. जी. टोचली असली तरीही ती जागा फुगूं शकते. रक्ताची इग्रा परीक्षा त्या लसीनें फसत नाहीं. परंतु जुना संसर्ग व आजचा रोग यांत तीही भेद करीत नाहीं. म्हणून सर्व खुणांचा मेळ घालावा लागतो.

२०२० सालच्या कोरोना-साथीनें हें काम बिकट केलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंकड्यांप्रमाणें जगांत नव्यानें नोंदलेले क्षयरोगी २०१९ सालीं सुमारें ७१ लाख होते, ते २०२० सालीं ५८ लाखांवर आले. ही घट रोगाची नसून तपासणीची होती. शिवाय साथींत पुष्कळांस स्टेरॉइड द्यावें लागलें. तें सुप्त क्षयास जागें करूं शकतें, आणि मांटूचें उत्तर खोटेंच नकारार्थी आणूं शकतें.

म्हणून ज्या डोळ्याची लाली थेंबांनीं जाते व पुनः परतते, तो केवळ थेंबांवर सोपवूं नये. घरांत कोणास क्षय झाला होता काय, साथींत कोणतीं औषधें घेतलीं, हें वैद्यास सांगावें. सून किंवा उपवर कन्या असली कीं लपविण्याची बुद्धि होते. पण त्या लज्जेपायीं तिची दृष्टि जाऊं शकते. छाती निर्दोष ठरल्यावर तिचें ताट निराळें करण्याचें कारण नाहीं. डोळ्यांतील क्षय दुसऱ्यास लागत नाहीं. औषध महिनोन्महिने, न चुकतां घ्यावें लागतें. त्यांतील एथॅम्ब्युटॉल क्वचित् दृष्टीच्या शिरेस अपाय करतें. तेव्हां लाल-हिरवा रंग फिका वाटूं लागल्यास त्याच दिवशीं वैद्यास कळवावें.