कुलाब्यातली कृष्णविवरं

"कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये बसून कृष्णविवरांची गणितं सोडवायला सरकारने पैसे का द्यावेत?" आमच्या अवोन्डेलमध्ये चार मराठी इंजिनियर जमले की हा विषय निघतोच. (काढणारे बहुतेक सरकारी खर्चानेच शिकलेले, पण ते असो.) माझं मत विचाराल तर, जरूर द्यावेत.

२००५ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेने जाहीर केलं की सोन्याची अणुकेंद्रकं एकमेकांवर आदळल्यावर होणारा क्वार्क-ग्लुऑनांचा रस्सा द्रवासारखा वाहतो. त्याची नुसती व्हिस्कॉसिटी मोजली तर इथल्या मानुका मधाहून कितीतरी जास्त! पण तिला एंट्रॉपीच्या घनतेने भागलं की पेल्यातल्या पाण्याचा आकडा याच्या शंभर पटींहून मोठा ठरतो.

हे क्वार्क एकमेकांना इतके धरून असतात की सुटे कण मानून थोडी थोडी दुरुस्ती करत जाण्याची नेहमीची रीत चालत नाही. १९९७ मध्ये हुआन माल्डासेनाने वेगळी वाट सुचवली: अशा काही कणांचं गणित एक मिती जास्त असलेल्या जगातल्या गुरुत्वाकर्षणाचं गणित म्हणून मांडायचं. मग गरम द्रवाच्या जागी येतं कृष्णविवर. त्यातून वरच्या भागाकाराचं उत्तर येतं एक भागिले चार पाय, आणि प्रयोगातला आकडा त्याच्या जवळपास, फार तर दोन-तीन पट.

विरोधक म्हणतात, हे खऱ्या क्वार्कांचं गणित नव्हेच, त्यांच्या एका सोप्या भावंडाचं आहे. अगदी मान्य. 'स्ट्रिंग थिअरी सिद्ध झाली' म्हणणाऱ्यांपुढे मीही हात जोडतो. पण खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएसमध्ये धरणाची प्रतिकृती करून पाणी सोडून बघतात, तेव्हा ती प्रतिकृती म्हणजे धरण असते का?

आणि या प्रतिकृतीने पाठ्यपुस्तकातली उणीव दाखवली. टीआयएफआरच्या सायंतनी भट्टाचार्य व शिराज मिनवाला यांनी व्हेरोनिका हुबेनी आणि मुकुंद रंगमणी यांच्यासोबत २००७ मध्ये आइनस्टाइनच्या समीकरणांतून द्रवांची समीकरणं काढली. पुढच्याच वर्षी भारित कृष्णविवरांवर तीच रीत वापरल्यावर, भोवऱ्यामुळे वाहणाऱ्या प्रवाहाचं एक पद निघालं. लांडाऊ-लिफ्शिट्झच्या प्रसिद्ध पुस्तकात ते नव्हतं! २००९ मध्ये सॉन आणि सुरोव्का यांनी गुरुत्वाकर्षणाचा आधार न घेताही दाखवलं की काही द्रवांत ते असायलाच हवं. केंद्रकांच्या टकरींमध्ये त्याच्या खुणा शोधून झाल्या, पण निर्विवाद अशी एकही अजून हाती लागलेली नाही.