युद्धाचे हुकूम आणि त्यांची मुदत

औंध संस्थानाच्या आटपाडी महालात 1939 साली, मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून, कुलपावाचून चालणाऱ्या तुरुंगाची स्वतंत्रपूर ही वसाहत उभी राहिली. आणि त्याच वर्षी, युरोपात युद्ध पेटताच, शेजारच्या खालसा मुलुखात भारत संरक्षण कायद्याखाली टपालावर, वर्तमानपत्रांवर आणि सभांवर पहारे बसले. कैद्याच्या शब्दावर विसंबणारे सरकार आणि रयतेच्या पत्रावर नजर ठेवणारे सरकार यांच्यामध्ये या दुष्काळी टापूत केवळ एक शीव होती. पुढे इंग्रज गेले, संस्थानही विलीन झाले. युद्धकाळी प्रजेला गप्प बसविण्याची ती विद्या मात्र नव्या राज्यकर्त्यांनी दफ्तरासकट वारशात घेतली.

पलटण कोणत्या खिंडीत उतरली आहे, दारूगोळा कोठे साठविला आहे, हे लढाई चालू असता सरकारने सांगू नये, याविषयी कोणाही समंजस माणसाचा वाद नसावा. वाद आहे तो मुदतीचा. चीनच्या आक्रमणामुळे 26 ऑक्टोबर 1962 रोजी जाहीर झालेली आणीबाणी, तोफा 21 नोव्हेंबरला थंडावल्या तरी, 10 जानेवारी 1968 पर्यंत उठली नाही. या अवधीत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध असलेले कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी यांनी मुंबईच्या तुरुंगात, सरकारचीच परवानगी घेऊन, ‘अणूच्या अंतरंगात’ हे मराठी पुस्तक लिहिले. परंतु छपाईसाठी ते हस्तलिखित बाहेर धाडू देण्यास महाराष्ट्र सरकारने साफ नकार दिला. त्यांनी दाद मागितली तेव्हा उच्च न्यायालयाने अनुक्रमणिका चाळून पाहिली, तो सारा मजकूर निखळ विज्ञानाचा. तरीही, स्थानबद्धतेच्या अटींत असा हक्क नमूद नाही, एवढ्या आधारावर सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 6 सप्टेंबर 1965 रोजी तेथे हरले. भारतीय फौजांनी लाहोरच्या रोखाने सरहद्द ओलांडली तो हाच दिवस! रणधुमाळीच्या त्या दिवशीही न्यायाधीशांना जे स्वच्छ दिसले, ते मंत्रालयाला तोफा शांत असताना दिसू नये, याचे नवल वाटते.

1962 च्या चीनविरुद्धच्या पराभवाची चौकशी करून हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या सेनाधिकाऱ्यांनी दिलेला अहवाल सरकारने आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही. संसदेत 2 सप्टेंबर 1963 रोजी त्याचा केवळ गोषवारा सांगितला तो आपल्याच देवराष्ट्र्यात जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांनी, आणि 1942 साली स्वतः भूमिगत राहिलेल्या या नेत्याला दडपलेल्या बातमीचे मोल ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? शत्रू उंबरठ्यावर असता आपल्या उणिवा चव्हाट्यावर मांडू नयेत, हा त्यांचा विचार त्या घडीला रास्त होता. परंतु 2010 साली केंद्रीय माहिती आयोगानेही अर्जदारास नकारच द्यावा, हे त्या विचारात बसत नाही. मुळात दोष कायद्यातच आहे. माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमाने 20 वर्षांपूर्वीची माहिती एरवी खुली केली असली, तरी सुरक्षेच्या सबबीस त्या मुदतीतून वगळले आहे. म्हणजे या कुलपाला मुदतीची किल्लीच घडविलेली नाही.

नागरिकाच्या खासगीपणाची गोष्ट याच्या नेमकी उलट. टेलिफोन चोरून ऐकण्याच्या हुकुमास 60 दिवसांची, वाढवून 180 दिवसांची मुदत नियमांत आहे. तथापि ती संपल्यावर, ज्याचे बोलणे ऐकले त्यास तसे कळविण्याची तरतूद नाही, मग त्याने दाद मागावी कशाच्या बळावर? खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्वाळा 24 ऑगस्ट 2017 रोजी मिळूनही येथे फरक पडलेला नाही. न सांगण्याची हीच रीत तोंडे बंद करतानाही दिसते. मे 2025 मध्ये पाकिस्तानशी झालेल्या संघर्षात समाजमाध्यमावरील आठ हजारांहून अधिक खाती बंद करण्याचे हुकूम आल्याचे, आणि बहुतेक खात्यांतील कोणता मजकूर बेकायदा हे सरकारने सांगितले नसल्याचे, ‘एक्स’ कंपनीने जाहीर केले. सैन्याच्या हालचालींचे थेट प्रक्षेपण रोखणे वेगळे, आणि कारण न सांगता तोंडे बंद करणे वेगळे. खानापूर-आटपाडीची माणसे सोन्याचांदीच्या गलाईसाठी मुलुखभर पांगलेली आहेत. ज्या घरचा कर्ता सरहद्दीकडच्या शहरात भट्टीवर बसला आहे, त्या घराला अशा रात्री खरी बातमी मिळाली नाही, तर व्हॉट्सअॅपवरची आवई तेवढी मिळते, आणि तिला कोणत्याही सेन्सॉरची आडकाठी नसते.

म्हणून युद्धकाळच्या प्रत्येक हुकुमावर त्याची अखेरची तारीख लिहिलेली असावी, ती वाढवायची तर संसदेपुढे कारण मांडावे, आणि 20 वर्षांची तरतूद सुरक्षेच्या दफ्तरासही, पानापानाची छाननी करून, लागू करावी. आरंभ त्या अहवालापासून होऊ शकतो. यशवंतरावांच्या मुलुखातून निवडून गेलेल्या एखाद्या खासदाराने येत्या अधिवेशनात एवढेच विचारावे, की त्यातील कोणती पाने आजही धोक्याची आहेत, कशामुळे, आणि आणखी किती वर्षे.