मध न देणारी माशी

गेल्या पंधरवड्यात आमच्या अपघात विभागात एक शेतकरी आले. दरदरून घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. गोठ्याच्या मातीच्या भिंतीत भोके दिसली, त्यांत माश्या ये-जा करत होत्या, म्हणून त्यांनी पिकावरचे औषध पंपाने भिंतीवर मारले. तोंडाला रुमालही नव्हता. ॲट्रोपीन वेळेत मिळाले, बचावले. माशी त्यांना एकदाही चावली नव्हती!

वर्णनावरून ती निळ्या पट्ट्यांची, शास्त्रीय भाषेत ‘अमेजिला’, मधमाशी असावी. हिला पोळे नाही, राणी नाही. प्रत्येक मादी एकटीच माती उकरते, आत खोल्या करते, प्रत्येक खोलीत पराग आणि मकरंदाची शिदोरी ठेवून एक अंडे घालते. शेजारी शेजारी बिळे झाली की लोकांना मोहोळ बसल्यासारखे वाटते. पण आग्या मोहोळासारखी ही झुंडीने तुटून पडत नाही. मादी डंख मारते ती चिमटीत पकडली तर. नराला नांगीच नसते. (कोणत्याही डंखानंतर अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला, तर चुना लावत बसू नका, रुग्णालय गाठा.)

टोमॅटो, वांग्याच्या फुलात पराग मिठाच्या डबीत असावेत तसे बंद असतात. ही माशी फुलाला मिठी मारून अंग थरथरवते आणि पराग झाडून घेते. वाऱ्यानेही थोडे काम होते, पण पेटीतल्या सातेरीला ही युक्ती साधत नाही.

केंद्राने 2020 मध्ये मधमाशीपालनासाठी 500 कोटींचे अभियान जाहीर केले. 2022 मध्ये महाबळेश्वरजवळचे मांघर ‘मधाचे गाव’ झाले. दोन्ही चांगलेच. मात्र हिशेब पेट्यांचा आणि मधाचा. जी मध देत नाही, ती कोणत्या रकान्यात बसणार? तिकडे मातीच्या भिंती जात आहेत, अंगणात पेव्हर ब्लॉक येत आहेत. पक्क्या घराला माझा विरोध नाही; कच्च्या भिंतींतले विंचू चावलेली मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. पण बांधावर, परसात हातभर उघडी माती राखायला अनुदान लागत नाही.

घरी सोडताना शेतकऱ्याला म्हटले, भिंत राहू द्या, फवारणी संध्याकाळी करा, मास्क आणि हातमोजे घाला. त्यांनी मान डोलावली. पत्नी म्हणाली, ‘‘डॉक्टरसाहेब, ती भिंत दिवाळीनंतर पाडायचीच आहे.’’