गुळवेल नक्की कोणती?

आजीच्या बटव्याचे कौतुक आपण सगळ्याच करतो. पण बटव्यातले औषध कोणत्या झाडाचे, ते किती जणींना सांगता येईल? तुळस, अडुळसा, गवती चहा इथपर्यंत ठीक. पुढे गाडी अडते!

म्हणून सुचवते, गावात आयुर्वेद महाविद्यालय असेल तर त्याची औषधी बाग एकदा पाहून या. द्रव्यगुण विषय शिकवायचा, म्हणून अशी बाग महाविद्यालयाला ठेवावीच लागते. झाडापाशी नावाची पाटी असते. आधी कार्यालयात विचारून जावे, आणि पाने मात्र तोडू नयेत बरं का.

गुळवेलीपाशी जरा जास्त थांबा. २०२० साली करोनाच्या धास्तीने घरोघर गुळवेलीचा काढा उकळू लागला. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले की, गुळवेलीचा दोष नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरीच वेल वापरली गेली असेल. पुढे २०२२ मध्ये अनेक रुग्णालयांच्या पाहणीत असे ४३ रुग्ण नोंदले गेले. तज्ज्ञांचा वाद तज्ज्ञ मिटवोत. काढा उकळणारे हात आपले आहेत.

दोन्ही वेलींची पाने बदामी आकाराची, त्यामुळे पानावर जाऊ नका, खोड बघा. गुळवेलीच्या जुन्या खोडाची साल कागदासारखी पातळ सुटते. खोडभर चामखिळीसारखे ठळक उंचवटे असतील, तर ती दुसरी. शंका आली की तिथल्या शिक्षकांना विचारावे. आणि खरी गुळवेल ओळखता आली, तरी वैद्यांना विचारल्याशिवाय रोजचा काढा सुरू करू नये. काढा घेताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर काढा बंद करून तडक डॉक्टरांकडे जावे.

ब्राह्मीचाही असाच घोळ. आपण चटणी करतो ती गोल पानांची, तिला शास्त्रात मंडूकपर्णी म्हणतात; ग्रंथातली ब्राह्मी म्हणून बहुतेक वैद्य दाखवतात ती बारीक, मांसल पानांची, ओलाव्यात पसरणारी. दोन्ही शेजारी पाहिल्या की पुन्हा चूक व्हायची नाही.

मुले बरोबर असतील तर त्यांना बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, दाखवा. फुले देखणी, बिया खेळायला घ्याव्याशा. पण अख्खे झाड विषारी. सोसायटीच्या कुंपणालाही ते पुष्कळदा लावलेले असते.