तयार पेटी की सुटे भाग?

या वेळचा विषय जरा वेगळा आहे. मुलाला गेम खेळण्याजोगा संगणक घ्यायचा, तर तो तयार घ्यावा की सुटे भाग आणून जोडावा? कुणाला हा श्रीमंतांचा चाळा वाटेल. पण गेल्या हिवाळ्यात हा प्रश्न पिंगळीत आमच्याच घरात येऊन बसला. सवाल ४५,००० रुपयांचा होता, आणि त्यातले २०,००० मुलाची आई बचत गटातून कर्जाऊ उचलणार होती. वस्तू फसवी निघाली असती तरी हप्ते काही चुकले नसते.

आमचा मुलगा रेल्वेने परभणीला कॉलेजात जातो. बी.कॉम.चे पहिले वर्ष. एका संध्याकाळी त्याने सरळ सांगितले, "पप्पा, मला गेमिंगचा पीसी पाहिजे." आम्ही चिडलो. म्हणालो, "अभ्यासासाठी मागितला असतास तर विचार केला असता." तो म्हणाला, "अभ्यासासाठी म्हणून घेतला असता अन् गेम खेळत बसलो असतो, ते बरं दिसलं असतं का?" यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. खरे बोलून मागणाऱ्या मुलाला नुसते रागावून परत पाठवणे योग्य नाही, असे त्याच्या आईचे मत पडले. शिवाय ज्या यंत्रावर गेम चालतो त्यावर टॅली आणि एक्सेलही चालते. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ही गोष्ट निराळी. त्यांच्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आली आहे, आणि ते आमच्या घरात चालणार नाहीत हे आधीच ठरले.

आम्ही पडलो कारकून. कचेरीत साधे कपाट घ्यायचे तरी तीन कोटेशन मागवून तुलनात्मक तक्ता करतो. घरातही तेच केले.

पहिले कोटेशन ऑनलाइन जाहिरातीचे. "आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, गेमिंग पीसी", आणि भाव सर्वांत कमी. आत रंगीत दिवे लावलेली पेटी. आम्ही तर तिथेच सही केली असती! पण मुलगा म्हणाला, "पप्पा, नुस्तं आय-फाइव्ह म्हणल्यानं काय होतंय? कितव्या पिढीचा ते बघा." खाली बारीक अक्षरात सापडले : तिसरी पिढी. हा प्रोसेसर २०१२ सालचा. ग्राफिक्स कार्ड जीटी ७३०, तेही २०१४ सालचे. त्यावरची ४ जीबी मेमरी म्हणजे ताकद नव्हे. म्हातारा बैल मोठ्या गाडीला जुंपला म्हणून ओझे ओढत नाही, तसेच हे. पुन्हा मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचा आधार देणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या अलीकडे चालत नाही. म्हणजे नवी म्हणून घेतलेली वस्तू घरी येतानाच निवृत्त झालेली. आमच्या गल्लीत एकाने अशीच पेटी घेतली. सहा महिन्यांत बंद पडली, आणि विकणाऱ्याचा फोन लागत नाही.

दुसरे कोटेशन परभणीच्या दुकानातील नामांकित कंपनीच्या तयार संगणकाचे. याचे गुण मान्य केले पाहिजेत. एकच बिल, संपूर्ण यंत्राला एकच वॉरंटी, विंडोज सोबत आलेले. काही बिघडले तर दोष रॅमचा की मदरबोर्डचा, हे शोधण्याची जबाबदारी आपली नाही. ज्या घरात यंत्राची माहिती असणारे कुणी नाही, त्या घराला हे मोठे सुख आहे. पण आमच्या पैशात बसणारा नमुना कचेरीच्या कामाचा होता. त्यात ग्राफिक्स कार्ड नव्हते आणि वीजपुरवठ्याचा एसएमपीएस लहान होता. अशा अनेक यंत्रांत मदरबोर्ड आणि वायरींची टोके कंपनीच्या स्वतःच्या मापाची असतात. पुढे बाजारातला मोठा एसएमपीएस आणून बसवू म्हटले तर तो जुळत नाही.

तिसरे कोटेशन सुट्या भागांचे. यात आम्ही जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट, आधी खेळ ठरवावा, मग यंत्र. आमच्या मुलाला व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळायचे होते. हे खेळ फुकट मिळतात आणि साध्या सेटिंगवर वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवायही बरे चालतात. त्यासाठी प्रोसेसरमध्येच चित्र दाखवण्याची सोय असावी लागते. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी मध्ये ती आहे. नुसत्या ५६०० मध्ये नाही. इंटेलच्या क्रमांकापुढे एफ असेल तर त्यातही नसते. एका अक्षराचा फरक, पण तो कळला नाही तर यंत्र जोडून पडदा काळाच राहतो.

५६००जी हा २०२१ सालचा, म्हणजे ताजा नव्हे. पण २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांना मेमरी लागते, म्हणून कारखान्यांनी माल तिकडे वळवला, आणि झळ पिंगळीपर्यंत पोचली. नव्या प्रोसेसरना डीडीआर-५ रॅम लागते, ती आमच्या आवाक्याबाहेर होती. ५६००जी ला जुनी डीडीआर-४ चालते. तीही महागली होतीच, पण हिशेबात बसली. रॅम घेताना १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घेतल्या. वेगळे कार्ड नसेल तेव्हा दोन पट्ट्यांनी खेळाचा वेग स्पष्ट वाढतो.

दुसरी गोष्ट, एसएमपीएसमध्ये कंजूषी करू नये. स्वस्त पेट्यांत पहिली काटछाट इथेच होते, कारण तो बाहेरून दिसत नाही. आपल्याकडे वीज येते-जाते, दाब कमी-जास्त होतो. हलका एसएमपीएस जळताना शेजारच्या भागांनाही घेऊन जातो. गावात घर बांधताना आपण वरच्या मजल्यासाठी खांबांचे गज सोडून ठेवतो. तसे आम्ही केले : ग्राफिक्स कार्ड आज नाही, पण उद्या बसेल इतका एसएमपीएस नामांकित कंपनीचा घेतला. पुढे जुने कार्ड घ्यायचे झाल्यास ते चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवरचे खाणकाम थांबले, आणि रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डे बाजारात आली.

तिसरी गोष्ट, सुट्या भागांच्या हिशेबात विंडोजचा परवाना धरलेला नसतो. तो वेगळा मोजावा. लिनक्स फुकट आहे, पण व्हॅलोरंट त्यावर चालत नाही.

तक्ता पुरा झाल्यावर आम्ही तिसरे कोटेशन मंजूर केले. भाग परभणीच्या एकाच दुकानातून घेतले. ऑनलाइन काही भाग थोडे स्वस्त होते, पण तक्रार घेऊन जायला एक दार असावे, हा विचार केला. दुकानदार थोडी मजुरी घेऊन जोडून देत होता. मुलगा म्हणाला, "मीच जोडतो." आमचा जीव वरखाली. आम्ही एमएस-सीआयटी केले तेव्हा संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जावे लागे, आणि पेटी उघडी तर आम्ही कधी पाहिलीच नाही. त्या धाकाने आजही आमचा हात मागे येतो.

त्याने घरी फरशीवर खोके पसरून दोन तासांत जोडणी केली. बटण दाबले, पंखे फिरले, पण पडदा काळा. आईचा चेहरा उतरला. आम्ही म्हणणारच होतो, "सांगत होतो तुला!" तेवढ्यात त्याने वायर काढली, रॅमच्या पट्ट्या उपसून पुन्हा दाबल्या. खटके बसल्याचा आवाज आला आणि पडदा उजळला. पट्टी पुरती न बसणे ही नवख्याची नेहमीची चूक असते, हे त्याला आधीच ठाऊक होते. आम्हाला नव्हते.

आता जपायच्या गोष्टी. बिल जीएसटीचे घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्या. सुट्या भागांत प्रत्येकाची वॉरंटी वेगळी असते, म्हणून तारखा एका कागदावर मांडा. खोकी फेकू नका. घराचे अर्थिंग तपासून घ्या. आणि फसवणूक झालीच, तर गप्प बसू नका. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते. विकणारा मुंबईचा असो वा दिल्लीचा, आपण परभणीत अर्ज द्यावा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही नाही.

आमचे मत विचाराल तर असे आहे. घरात शिकू इच्छिणारे कुणी असेल आणि दुकान जवळ असेल, तर सुटे भाग घ्या. तसे नसेल तर नामांकित कंपनीचे तयार यंत्र घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पण पिढी न सांगणारी, दिव्यांची स्वस्त पेटी कुणीही घेऊ नये. कोणताही मार्ग धरा, आत काय आहे हे नावानिशी कागदावर आल्याशिवाय पैसे देऊ नका.

आमच्याकडे खेळाची वेळ रात्री नऊ ते साडेदहा ठरली आहे. बचत गटाच्या हप्त्यांचा हिशेब मुलगा त्याच संगणकावर ठेवतो, आणि महिन्याच्या महिन्याला आई तो तपासते.