किल्ल्यांबरोबर बॉयलरही समजावून द्या

इंग्लंडात घर भाड्यानं घेताना आपली मराठी मंडळी स्टेशन किती लांब, शाळा कशी, कढीपत्ता कुठे मिळतो, सगळं विचारतात. बॉयलर कसा चालवायचा, हे मात्र कोणी विचारत नाही. मग जानेवारीत गॅसचं बिल आलं की घरात भांडणं. रेडिंगमधल्या ओळखीच्या घरांत मी दर हिवाळ्यात हेच बघते.

सगळ्यात मोठा गैरसमज भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा. बाहेरून कुडकुडत आलं की २० चा काटा थेट २८ वर. त्यानं बहुतेक घरांत खोली लवकर तापत नाही. कुठे थांबायचं, एवढंच थर्मोस्टॅट बॉयलरला सांगतो. आपण विसरलो की घराची भट्टी होते आणि शेवटी खिडकी उघडावी लागते!

रेडिएटरच्या व्हॉल्व्हवरचे १ ते ५ म्हणजे अंश नव्हेत. ३ वर खोली साधारण २० अंशांना राहते. व्हॉल्व्हवर जाड पडदा किंवा ओला टॉवेल आला, की त्याच्याभोवतीच ऊब कोंडते, खोली तापली असं समजून तो पाणी अडवतो आणि आपण गारठतो.

खरी बचत बॉयलरवरच्या रेडिएटरचं चित्र असलेल्या बटणात आहे. रेडिएटरकडे जाणारं पाणी किती गरम, ते तिथे ठरतं. फिटर अनेकदा ते ७०-८० वर ठेवून जातो. पण कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णता परत मिळवतो ती परतीचं पाणी साधारण ५५ अंशांखाली असेल तेव्हाच. म्हणून कॉम्बी बॉयलर, म्हणजे गरम पाण्याची वेगळी टाकी नसलेला, असेल तर ६० वर आणा. २०२२ च्या हिवाळ्यात ब्रिटिश सरकारनंही हेच सांगितलं होतं. घर सावकाश तापेल, म्हणून टायमर थोडा आधीचा लावा. गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर फिटरला विचारल्याशिवाय हात लावू नका. लिजिओनेला जंतूंमुळे टाकीतलं पाणी ६० अंशांवर ठेवावं लागतं. आणि बचतीच्या नादात म्हाताऱ्यांना, तान्ह्या बाळांना गारठवू नका.

घरमालकाला दरवर्षी गॅसची तपासणी करून भाडेकरूला कागद द्यावाच लागतो, तसा कायदाच आहे. त्याच वेळी दहा मिनिटं ही बटणं समजावून देणंही सक्तीचं हवं. तोवर किल्ल्या हातात घेण्याआधी आपणच विचारावं. बिल आपल्यालाच भरायचं आहे.